पुढे न येणारा कुत्रा: भीती मोजायची कशी आणि घर शोधायचं कसं

एका प्रयोगापासून सुरुवात करू. आयसर कोलकातामध्ये अनिंदिता भद्रा यांची 'डॉग लॅब' आहे. तिथले संशोधक रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास त्यांच्याच गल्लीत जाऊन करतात. २०२० मध्ये त्यांचा एक पेपर आला. प्रयोग साधा होता. कुत्र्यासमोर दोन झाकलेली भांडी ठेवायची, एका भांड्याकडे बोट दाखवायचं आणि कुत्रा कुठे जातो ते बघायचं. घरात वाढलेल्या कुत्र्यांना माणसाचं बोट कळतं हे आधीच माहीत होतं. ज्यांना कुणी काहीच शिकवलेलं नाही अशा रस्त्यावरच्या कुत्र्यांना ते कळतं का, हा प्रश्न होता. १६० प्रौढ कुत्र्यांवर चाचणी झाली. जी कुत्री भांड्यापर्यंत आली, त्यांतल्या साधारण ८० टक्के कुत्र्यांनी बोट दाखवलेलंच भांडं निवडलं. बातम्यांत हाच आकडा गाजला.

त्याच पेपरात आणखी एक गोष्ट आहे. साधारण निम्मी कुत्री एकाही भांड्याजवळ आलीच नाहीत. संशोधकांनी हे प्रामाणिकपणे नोंदवलं, आणि न येणारी कुत्री अस्वस्थ, घाबरलेली दिसत होती असंही सांगितलं. म्हणजे ८० टक्के हा आकडा जी धीट निम्मी पुढे आली त्यांचा आहे. उरलेल्या निम्म्यांना बोट कळलं की नाही, हे या प्रयोगातून कळू शकत नाही.

संशोधनाची तयारी करताना ही बाब आत्ताच डोक्यात पक्की करून ठेवा. जो पुढे येत नाही, तो आपल्या आकड्यांतून गळून जातो. सर्व्हेमध्ये दार न उघडणारं घर, मुलाखतीला नाही म्हणणारी बाई, मधेच औषध सोडून देणारा पेशंट, सगळे याच जातीचे. आणि शेल्टरमधल्या घाबरट कुत्र्याचंही नेमकं हेच होतं. माणसं बघायला आली की तो कोपऱ्यात जातो. जो जाळीपाशी येऊन शेपूट हलवतो त्याला घर मिळतं. घाबरट कुत्रा आधी लोकांच्या नजरेतून गळतो, मग नोंदीतून, आणि वर्षानुवर्षं त्याच पिंजऱ्यात राहतो. अशा कुत्र्याला घर शोधून देणं हे दयेचं काम आहेच. पण त्यात मोजमापाचा एक खरा प्रश्न आहे, आणि आज आपण तोच सोडवून बघणार आहोत.

प्रश्न मावळात आणू

उदाहरणासाठी लोणावळा-मावळचा पट्टा घेऊ. खंडाळ्यापासून कार्ला, मळवली, कामशेत, वडगाव आणि खाली पवना धरणापर्यंत. इथल्या कुत्र्याच्या आयुष्यात दोन प्रकारची माणसं असतात. एक कायमची: गावकरी, टपरीवाला, बंगल्याचा वॉचमन. दुसरी येणारी-जाणारी: शनिवारी भुशी डॅमला, लोहगडाला, पवनेच्या काठावर तंबूत राहायला येणारी. सोमवारी ओस आणि शनिवारी जत्रा. काही कुत्री या गर्दीला सरावतात, इतकी की ट्रेकर्सबरोबर गडाच्या माथ्यापर्यंत चालत जातात. काही मात्र सरावत नाहीत. गाड्यांचे हॉर्न, मोठ्याने लावलेली गाणी, अंगावर धावून येणारी अनोळखी पोरं यांना बघून ती गटारात, मोरीखाली, झुडपात शिरतात.

आता एक फरक स्पष्ट करून घेऊ. प्रत्येक घाबरट कुत्र्याला घर हवंच असतं असं नाही. 'अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल रूल्स, २०२३' हे नियम (आधीच्या २००१ च्या नियमांच्या जागी आलेले) सांगतात की नसबंदी आणि रेबीजची लस झालेल्या कुत्र्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. आपल्या गल्लीत सुखाने जगणारा आणि फक्त माणसाच्या हाताला लांब राहणारा कुत्रा 'समस्या असलेला' नसतो. तो त्याच्या घरीच असतो. प्रश्न येतो तो परत जाता न येणाऱ्यांचा: अपघातात पाय गेलेला, मालकाने सोडून दिलेला, जागाच नाहीशी झालेला. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शाळा-कॉलेज, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं अशा आवारांतली कुत्री उचलून शेल्टरमध्ये न्यावीत आणि तिथे परत सोडू नयेत असं सांगितलं. म्हणजे रस्त्यावर वाढलेली, पिंजरा कधीही न पाहिलेली प्रौढ कुत्री आता शेल्टरमध्ये येणार. म्हणून हा विषय फक्त प्राणिप्रेमींचा राहिलेला नाही.

'घाबरट' या एका शब्दात तीन गोष्टी

गाईडसमोर 'हा कुत्रा घाबरट आहे' असं वाक्य लिहून नेलंत तर पहिला प्रश्न येईल: म्हणजे काय? निदान तीन वेगळ्या गोष्टी या शब्दाखाली लपतात.

पहिली गोष्ट, ओळखच झाली नाही. १९६१ मध्ये फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी 'सायन्स'मध्ये एक प्रयोग छापला. कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातीची पिल्लं उंच कुंपणाच्या शेतात माणसाच्या संपर्काशिवाय वाढवली. काहींना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात एकेक आठवडा माणसांत आणलं. काहींना चौदाव्या आठवड्यापर्यंत आणलंच नाही. ही शेवटची पिल्लं माणसाला बघून रानातल्या जनावरासारखी वागली. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यांचा काळ हा ओळखीचा काळ, ही कल्पना अशाच कामांतून पक्की झाली. मोरीत जन्मलेल्या आणि चार महिन्यांचं होईपर्यंत माणसाचा हात न लागलेल्या पिल्लाची भीती या प्रकारची असते. त्याला कुणी मारलेलंच असेल असं नाही.

दुसरी, शिकलेली भीती. काठी, दगड, गाडीची धडक. आपल्याकडे म्हणतातच, दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो. मनीषा असते ती जगण्याची, आणि एकदा बसलेला धक्का पुरतो. मानबी पॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या अभ्यासातून दाखवलं की रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांपैकी फक्त १९ टक्के वयात येईपर्यंत जगली, आणि ६३ टक्के मृत्यूंमागे माणसाचा हात होता. अशा जगात माणसापासून लांब राहणं हा अगदी व्यवहारी निर्णय आहे.

तिसरी, जागेची भीती. शेल्टरमधला आवाज, वास, शेजारच्या पिंजऱ्यातलं भुंकणं, लपायला जागा नसणं. हेनेसी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका शेल्टरमधल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल मोजलं. पहिल्या तीन दिवसांत ते घरच्या कुत्र्यांपेक्षा बरंच जास्त होतं. म्हणजे आल्या-आल्या जो कुत्रा आपण बघतो, तो त्याचा स्वभाव नसतो. तो धक्का असतो.

या तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. पहिल्याला संथ ओळख हवी, दुसऱ्याला नवा अनुभव, तिसऱ्याला निव्वळ दुसरी जागा. पिंजऱ्यात बघून तिन्ही सारखेच दिसतात, आणि गोंधळ तिथेच होतो.

आठ मिनिटांची परीक्षा

आता दुसऱ्या बाजूला जाऊ, म्हणजे घर देणाऱ्या माणसाकडे. प्रोटोपोपोव्हा आणि विन यांनी २०१४ मध्ये शेल्टरमधल्या भेटींचं निरीक्षण केलं. माणूस आणि कुत्रा मोकळ्या जागेत भेटतात, ती भेट सरासरी आठ मिनिटं चालली. ज्या कुत्र्यांनी माणसाच्या जवळ बसकण मारली ती दत्तक जाण्याची शक्यता १४ पट जास्त निघाली. खेळायला बोलावल्यावर दुर्लक्ष करणारी मागे पडली. रंग, वजन, जात यांपेक्षा त्या आठ मिनिटांतलं वागणं जास्त बोललं.

आता घाबरट कुत्रा या परीक्षेला बसवा. जवळ बसणं आणि खेळणं, त्याला नेमक्या याच दोन गोष्टी जमत नाहीत. ज्या गुणाची कमतरता आहे त्यालाच सगळे मार्क आहेत. घरी महिनाभराने तो कसा असेल हे त्या आठ मिनिटांत विचारलंच जात नाही.

चाचणीचं गणित

काही शेल्टर यापुढे जाऊन वर्तनचाचणी घेतात. अनोळखी माणूस समोर येतो, कुत्रा जेवत असताना काठीला लावलेला प्लॅस्टिकचा हात भांड्यात घालतात, आणि गुरगुरला तर शेरा: आक्रमक, दत्तक देऊ नये. पॅट्रोनेक आणि ब्रॅडली यांनी २०१६ मध्ये या चाचण्यांची झडती घेतली. नाणं उडवून ठरवण्यापेक्षा ह्या चाचण्या फारशा बऱ्या नाहीत, असा त्यांच्या शीर्षकाचाच रोख आहे. का, ते एका कल्पित उदाहरणाने बघू. आकडे माझे आहेत, हिशोब समजावा म्हणून.

समजा २०० कुत्री आहेत. त्यांपैकी घरी गेल्यावर खरोखर चावतील अशी २०. चाचणी बऱ्यापैकी चांगली आहे, चावणाऱ्या २० पैकी १६ ओळखते. न चावणाऱ्या १८० पैकी पाव भागावर, म्हणजे ४५ वर मात्र उगाच शेरा मारते. एकूण शेरा मिळालेली ६१. त्यांत खरी धोक्याची १६. म्हणजे शेरा मिळालेल्या दर चार कुत्र्यांमागे जवळपास तीन निर्दोष. आणि निर्दोष असून शेरा खाणारी कोण? बहुतेक घाबरलेली, कारण भीतीची गुरगुर आणि हल्ल्याची गुरगुर चाचणीच्या कागदावर एकाच रकान्यात जाते.

नेट-सेटच्या अभ्यासात 'बेस रेट' वाचला असेल. तो हाच. घटना मुळात विरळ असेल तर चांगली चाचणीही खोट्या इशाऱ्यांचा ढीग लावते. पण हिशोबाची दुसरी बाजूही विसरू नका: चार धोकादायक कुत्री चाचणीतून निसटली. त्यामुळे 'चाचणी निरुपयोगी, सगळ्यांना घरी पाठवा' हा निष्कर्षही चुकीचाच. रेबीज असलेल्या देशात चावा ही हलकी गोष्ट नाही. कुत्र्याची लस पूर्ण हवी, आणि चावलाच तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठायचा, हे नव्या घराला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. योग्य निष्कर्ष असा: एका वेळच्या, एका जागेच्या मोजमापावर कुत्र्याचं आयुष्य ठरवू नका. मोजमाप वाढवा.

पिंजऱ्याबाहेर मोजा

मोजमाप वाढवायचं म्हणजे काय, याचं चांगलं उदाहरण २०१९ चं आहे. लिसा गंटर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पाच शेल्टरमधली २०७ कुत्री एक-दोन रात्रींसाठी लोकांच्या घरी पाठवली. आधी, घरी असताना आणि परतल्यावर लघवीतलं कॉर्टिसॉल तपासलं. घरी असताना ते उतरलं. परत आल्यावर पुन्हा पूर्वीइतकं झालं. कुत्री तीच होती, बदलली ती जागा.

याचे दोन फायदे बघा. कुत्र्याला विश्रांती मिळते हा एक. दुसरा आपल्या कामाचा: त्या दोन रात्रींत जी माहिती मिळते ती पिंजऱ्यात सहा महिने बघूनही मिळत नाही. जिना चढतो का? पंख्याला घाबरतो का? रात्री शांत झोपतो का? फक्त पुरुषांना घाबरतो की सगळ्यांना? मावळातल्या छोट्या शेल्टरकडे लॅब नसते, पण तळेगावात किंवा लोणावळ्यात दोन रात्रींसाठी जागा देणारं कुटुंब मिळू शकतं. कायमचं घर मागितलं तर लोक बिचकतात, शनिवार-रविवार मागितला तर विचार करतात. अट एकच, कंपाउंडचं फाटक नीट लागणारं हवं.

भीती बदलते का?

बदलते, पण धाक दाखवून नाही. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सुमारे तीन वर्षांच्या पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती घालवली. मूल आवडीचं खात असताना ससा लांब ठेवला, आणि रोज थोडा थोडा जवळ आणला. पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी याच विचाराची पद्धतशीर मांडणी केली. घाबरट कुत्र्यावर आज जे उपचार करतात त्याचा गाभा हाच आहे: भीतीची गोष्ट इतक्या लांब ठेवायची की कुत्रा खाऊ शकेल, आणि ती दिसली की चांगलं काही मिळतं हा क्रम ठरवायचा. क्रम महत्त्वाचा. आधी माणूस दिसतो, मग चिकनचा तुकडा येतो. उलटं केलं तर तुकडा हाच धोक्याची सूचना होतो.

दुसरा धडा मायर आणि सेलिगमन यांचा. १९६७ मध्ये त्यांनी दाखवलं की सुटका करता न येणारे विजेचे धक्के बसलेली कुत्री पुढे सुटका शक्य असतानाही गप्प पडून राहतात. पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी स्वतःचं स्पष्टीकरण उलटं केलं. गप्प पडणं शिकावं लागत नाही, ती मूळ प्रतिक्रियाच असते. शिकावं लागतं ते हे की आपल्या करण्याने काही बदलतं. (स्वतःचा गाजलेला सिद्धांत पुराव्यापुढे बदलणं कसं असतं हे बघायला तरी तो पेपर वाचा.) आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. घट्ट धरून कुरवाळून घेणारा कुत्रा 'शांत झाला' असं समजू नका, त्याने हात टेकले असतील. त्याला जवळ यायची मुभा द्या आणि निघून जायचीही. निघून जाता येतं हे कळलं की तो यायला लागतो.

आणि खाऊच सगळं करतो असंही नाही. भट्टाचार्जी आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या अनोळखी माणसाकडे येताना रस्त्यावरच्या कुत्र्यांनी खाण्यापेक्षा कुरवाळण्याला जास्त पसंती दिली. विश्वास बसायला तोच माणूस, तीच वेळ, तीच पद्धत लागते.

एएसपीसीए या अमेरिकन संस्थेने फक्त अतिघाबरट कुत्र्यांसाठी वेगळं केंद्र चालवलं. २०२२ मध्ये त्यांनी ४४१ कुत्र्यांचा अहवाल छापला, ८६ टक्के कुत्र्यांनी उपचार यशस्वीपणे पूर्ण केले. आशा वाटावी असा आकडा आहे. पण संशोधक म्हणून लगेच विचारा: केंद्रात घ्यायची कुत्री कोणी निवडली? उरलेल्या १४ टक्क्यांचं काय झालं? प्रशिक्षित माणसं आणि महिनोन्महिने वेळ नसलेल्या कामशेतच्या शेडमध्ये हा आकडा तसाच येईल का? आकडा खोटा नसतो, तो एका जागेचा असतो.

वही घाला

आता प्रत्यक्ष काम. कुत्र्याचं नाव समजा मोती. 'मोती घाबरट आहे' हे वाक्य खोडा आणि दोन आठवडे रोज याच्या नोंदी करा:

- अनोळखी माणूस किती अंतरावर असताना मोती खाणं थांबवतो? पावलांत मोजा.
- खाऊ टाकल्यापासून तो उचलेपर्यंत किती सेकंद?
- शेपूट, कान, अंग कसं? फक्त दिसतं ते लिहा. 'दुःखी' लिहू नका, 'शेपूट पायात, भिंतीला टेकून' लिहा.
- समोर कोण होतं? बाई, पुरुष, मूल, हेल्मेटवाला, झाडूवाली?
- दचकल्यावर पुन्हा खायला लागेपर्यंत किती वेळ?

एकाच व्हिडिओवर दोघांनी एकमेकांना न विचारता नोंद करा आणि मग ताडून बघा. जुळत नसेल तर व्याख्या सुधारा, कुत्रा नाही. शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. किती घाबरतो यापेक्षा किती लवकर सावरतो, यावरून नव्या घराला जास्त कळतं.

मग जाहिरात लिहा. नेहमीची जाहिरात अशी असते: 'गोड, निरागस, प्रेमाचा भुकेला मोती घराच्या शोधात. कृपया मदत करा.' यावर दया येते, निर्णय होत नाही. वहीवरून लिहिलेली अशी होईल: 'मोती, अंदाजे तीन वर्षं, नसबंदी आणि लस पूर्ण. पहिले दहा-बारा दिवस हात लावू देत नाही. रोजच्या माणसामागे घरभर फिरतो. दुसऱ्या कुत्र्याबरोबर खूश. हेल्मेट आणि झाडू बघून लपतो, दोन मिनिटांत बाहेर येतो. जेवताना जवळ गेलं तर गुरगुरतो, आजवर चावलेला नाही. लहान मुलं नसलेलं, शांत घर हवं.' फोन कमी येतील, पण जे येतील ते मोतीसाठी येतील. चावल्याचा इतिहास असेल तर तोही लिहा. लपवलेला चावा एखाद्या मुलाला महागात पडतो, आणि त्याचा दोष शेवटी कुत्र्यावरच येतो.

मावळातलं घर निवडताना

इथे एक मोह हमखास असतो. 'आमचं पवनेला फार्महाऊस आहे, भरपूर जागा, द्या आम्हाला.' जागा भरपूर असते, खरंय. पण सोमवार ते शुक्रवार मालक मुंबई-पुण्यात, आणि शनिवारी अचानक पंधरा पाहुणे आणि स्पीकर. घाबरट कुत्र्याला हवं असतं याच्या उलट: रोज तेच माणूस, गर्दी कमी. अशा ठिकाणी खरा पालक वॉचमनचं कुटुंब असतं. तेव्हा भेट त्यांची घ्या. वॉचमनदादांना, वहिनींना कुत्रा हवा आहे का? खाण्याचा, औषधाचा खर्च कोण देणार? ते नोकरी सोडून गेले तर? ही उत्तरं मिळाली तर काही फार्महाऊस उत्तम घरं ठरतील. नाही मिळाली तर कामशेतमधली दोन खोल्यांची चाळ बरी.

रात्रीचं विचारा. बाहेर साखळीने बांधणार असतील तर नको. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात अभ्यास केला, तेव्हा बिबट्याच्या आहारातला वजनाने ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. मावळच्या डोंगरकडेलाही बिबट्या आहे. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

ऋतू बघा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जुलैची संततधार बहुतेक आवाजाला एकसुरी असते. कडकडाट असतो तो मे महिन्याच्या वळवात आणि परतीच्या पावसात. त्यात गणपतीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घाबरट कुत्र्याला नव्या घरी पाठवू नका. नवी जागा आणि सुतळी बॉम्ब एकत्र आले की तो फाटकाखालून निसटतो, आणि समोर जुना मुंबई-पुणे हायवे असतो.

म्हणून पहिले दिवस असे: एक कोपरा त्याचा, वरून झाकलेला. पाहुणे नाहीत, अंघोळ नाही, फोटोसाठी ओढणं नाही. बाहेर नेताना गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही, कारण मान मागे खेचून गळपट्ट्यातून सुटणं त्याला सहज जमतं.

परत आलेलाही मोजा

तिसऱ्या, दहाव्या, तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी फोन करा, आणि प्रश्न तेच ठेवा. मोती परत आला तर त्या घराला बोल लावू नका. नाहीतर पुढचं कुटुंब परत आणण्याऐवजी गुपचूप एक्सप्रेसवेच्या कडेला सोडेल, आणि तुमच्या नोंदीत ते 'यशस्वी दत्तक' म्हणून कायम राहील. परत आलेल्या कुत्र्याबरोबर माहिती येते: कुठे बिनसलं, कोणत्या तासाला, कोणासमोर. पुढची जाहिरात त्यावरून सुधारते.

प्रबंधाला विषय शोधत असाल तर एक सुचवते. जवळच्या शेल्टरमध्ये परवानगी घेऊन एक वर्षाची नोंदवही मागा. 'किती कुत्री दत्तक गेली' हा प्रश्न सगळेच विचारतात. तुम्ही विचारा: वर्षभरात किती कुत्री एकाही भेटीत पुढे आली नाहीत, आणि आज ती कुठे आहेत? बहुतेक वह्यांत यासाठी रकानाच नसेल. तो आखण्यापासूनच सुरुवात करा.